पिंपातले पाहुणे

श्रावण लागला की आमच्या गच्चीवरच्या निळ्या पिंपाला उपवास घडतो. आदल्या आठवड्यापर्यंत कांद्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, कोबीची बाहेरची पानं असं मजबूत खाणारं हे पिंप एकदम रताळ्याच्या साली, केळ्याच्या साली आणि शेंगांच्या टरफलांवर येतं. काल संध्याकाळी मी झाकण उघडलं, सालं आत टाकली, वर मूठभर लाकडाचा भुसा पसरला, त्यावर चिमूटभर कल्चर भुरभुरलं आणि पिंपाला मोठ्यानं सांगितलं, "आता महिनाभर हेच. कुरकुर करायची नाही." शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे चाचपणारी बाई माझ्याकडं बघत राहिली. पिंपाशी बोलायची ही सवय मला आत्तींनी लावली.

कॅलेंडर भिंतीवर असतं खरं, पण मला वर्ष कळतं ते या पिंपातून. वैशाखात आंब्याच्या साली. कोयी आत टाकायच्या नसतात, त्या लवकर कुजत नाहीत, तरी दरवर्षी एखादी नजर चुकवून जातेच आणि पावसाळ्यात तिचं तांबूस पान झाकणाच्या फटीतून बाहेर बघतं. मग कणसांची पानं आणि त्यांचे मऊ सोनेरी केस. भाद्रपदात दूर्वा, आघाडा, जास्वंद. थंडीत वाटाण्याच्या शेंगांची टरफलं आणि ऊस खाऊन टाकलेला चोथा. सगळं आत जातं, काही दिवस आपापल्या रंगात ओळखू येतं, मग रंग सोडतं, आकार सोडतं, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एकच काहीतरी होतं, काळं, भुसभुशीत, चहाच्या पावडरीसारखं. केळं कुठलं आणि दूर्वा कुठली, काही सांगता येत नाही. मला हे बघायला अजूनही फार आवडतं.

पण श्रावण आला की मला आठवतो तो एकच पावसाळा. आत्ती आमच्याकडं आल्या तो.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. माझं सासर नेसरीचं. तिकडं कानडी मुलूख हाकेवर, त्यामुळं नात्यांची नावंही थोडी तिकडची. आमच्या घरात सासूला आत्तीच म्हणतात. मामंजी गेल्यावर त्या गावच्या घरात एकट्या राहायच्या. एक म्हैस, परड्यात चार भाज्या, आणि दिवसभर चाललेलं काहीतरी. त्या उन्हाळ्यात गोठ्यात पाय घसरून पडल्या, गुडघा दुखावला. हाक मारूनही बराच वेळ कुणाला ऐकू गेलं नाही. अजितनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, म्हैस भावकीत दिली आणि आईला कोल्हापूरला आणलं. त्यांच्याबरोबर एक पिशवी, एक काठी आणि एक स्टीलचा डबा आला. डब्यात दही होतं. अख्ख्या प्रवासात त्यांनी तो डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता. त्यांच्या सासूच्या हातापासून चालत आलेलं विरजण होतं ते.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. भांड्याला बाई, वाटायला मिक्सर, पाण्याला नळ. मला वाटलं होतं, आत्तींना आता आराम. त्यांनी चार दिवस आराम केला आणि पाचव्या दिवशी मिक्सरकडं असं बघितलं, जणू त्यानं त्यांची जागा घेतलीय. बाल्कनीत खुर्ची टाकून बसायच्या. "हितं बसून बसून मुंग्या येत्यात गं. हातास्नी काम न्हाय." मग एकदा जेवताना जाहीर केलं, "गौरी गेल्या की मी जातो गावाकडं." आमच्या भागातल्या बायका 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो' म्हणतात, आणि त्यामुळं निश्चय दुप्पट पक्का वाटतो.

अजितचा घास हातातच राहिला. पुन्हा त्या गोठ्यात, पुन्हा एकट्या. त्यानं समजावलं, मग चिडला. खरं सांगायचं तर मलाही त्या हव्या होत्या. शाळेत शिकवून दमून आल्यावर दार आतून कुणीतरी उघडतं, 'आलीस व्हय?' म्हणतं, याची मला थोड्याच दिवसांत सवय झाली होती, आणि ती सवय सोडायची माझी बिलकुल इच्छा नव्हती.

त्याच सुमारास शाळेतल्या कुठल्याशा कार्यक्रमात नारळाऐवजी एक पुडकं भेट मिळालं. कंपोस्ट कल्चर. घरचा ओला कचरा पिंपात टाकायचा, वर ही पावडर भुरभुरायची, अधूनमधून खालीवर करायचं, की खत तयार. मी उत्साहानं दोन निळी पिंपं आणली, त्यांना भोकं पाडून घेतली आणि गच्चीवर ठेवली. एक भरत जायचं, दुसरं भरून मुरत ठेवायचं. आत्ती काठी टेकत वर आल्या. पुडक्यातली कोंड्यासारखी तपकिरी पावडर त्यांनी तळहातावर घेऊन वास घेतला.

"ह्ये काय?"

"यात जिवाणू असतात आत्ती. डोळ्यांना न दिसणारे. ते कचरा खातात आणि खत करतात."

"जित्तं हायत?"

"हो. पण आत्ता झोपलेत. ओल मिळाली, खायला मिळालं, की जागे होतात."

आत्तींनी पुन्हा तळहाताकडं बघितलं, या वेळी जरा जपून. "मग विरजणच की ह्ये," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, शाळंत काय नवीन निघालंय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्यांनी गूळ आणि ताक पाण्यात कालवून त्यात ती पावडर भिजत घातली होती. पुडक्याच्या मागं बारीक अक्षरात अगदी तसंच करायला सांगितलं होतं. मी ते वाचलं नव्हतं आणि त्यांना वाचता येत नव्हतं. "लांबनं आलेल्या पावण्याला आदी गूळपाणी देत्यात," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून पिंपातले जिवाणू आमच्या घरात 'पावणं' झाले. पावणं जेवली का, पावण्यांस्नी गार लागतंय का, पावण्यांचं काय चाललंय. गुडघेदुखीची बाई दिवसातून दोनदा गच्चीचा जिना चढू लागली. अजितला आधी काळजी वाटली. मग त्यानं आपल्या आईचा चेहरा बघितला आणि जिन्याला कठडा बसवून घेतला.

त्या काळात मी दह्याकडंही नव्यानं बघू लागले. रोज रात्री आत्ती कोमट दुधात चमचाभर विरजण घालून भांडं झाकायच्या, आणि त्याला हात लावू द्यायच्या नाहीत. विरजणाचे त्यांचे कायदे फार कडक होते. एकदा समोरच्या फ्लॅटमधली बाई दिवेलागणीला वाटी घेऊन आली. मी चमचा घेऊन वळले, तर आत्ती वाटेत उभ्या. "दिवं लागल्यावर विरजण घरातनं भाईर जात न्हाय. लक्ष्मी जाती त्याच्या संगं. सकाळी या." ती बिचारी रिकामी वाटी घेऊन परत गेली. मी शरमून गेले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती स्वतः भरलेली वाटी घेऊन तिच्या दारात उभ्या होत्या, वर मीठमिरची लावलेलं लोणचंही होतं. त्यामुळं तिचा राग टिकला नाही.

आता आत्तींच्या एका चुकीबद्दल. ही चूक फक्त आमच्या कोल्हापुरातच होऊ शकते, असं माझं ठाम मत आहे.

आषाढाचा शेवटचा रविवार. पाऊस असा, की खिडकीबाहेर फक्त पांढरं दिसत होतं आणि जो तो पंचगंगेचं पाणी कुठवर आलं तेवढंच विचारत होता. श्रावणात महिनाभर मटण नाही, म्हणून त्या दिवशी गल्लीत घरोघरी तांबडा-पांढरा रस्सा. आत्तींनी हट्टानं मिक्सर बाजूला सारून पाट्यावर वाटण वाटलं, आणि पातेल्यावर बोटभर तेलाचा लाल कट आला. आम्ही घाम पुसत जेवलो. आणि दुपारी, आम्ही दोघं पेंगत असताना, आत्ती उरलेल्या रश्श्याचं पातेलं घेऊन गच्चीवर गेल्या. घरातली सगळी जेवली आणि दारचे पाहुणे तेवढे कांद्याच्या सालींवर, हे त्यांना बघवलं नाही. अर्धं पातेलं तांबडा रस्सा त्यांनी पिंपात ओतला. वर आग्रहानं थोडा भातही घातला.

माणसालाही दुसऱ्या दिवशी जाणवतो तो रस्सा. पिंपातल्या इवल्याशा जिवांनी मीठ, तिखट आणि तेलाच्या त्या पुरापुढं हात टेकले. आतला कचरा लगदा झाला, तेलानं हवा कोंडली, आणि दोनतीन दिवसांत जो वास सुटला तो जिन्यानं खाली उतरत तळमजल्यापर्यंत गेला. पावसामुळं सगळ्यांच्या खिडक्या बंद, त्यामुळं तो प्रत्येक मजल्यावर मुक्कामाला थांबला. पिंपात अळ्या झाल्या. सोसायटीचे चेअरमन सावंतकाका कानटोपी घालून आणि नाकाला रुमाल लावून वर आले. माणूस वाईट नाही, पण नाक फार तिखट. कुणाच्या घरी दूध उतू गेलं तरी त्यांना खालच्या मजल्यावर कळतं.

"वहिनी, येत्या रविवारी मी स्वतः वर येऊन बघणार. वास असला तर पिंप इथून हललं पाहिजे," ते म्हणाले. "इमारतीत माणसं राहतात."

मी मान डोलावली. काका गेल्यावर आत्तींनी विचारलं, "माझ्यामुळं झालं व्हय गं?" मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "त्यांना रस्सा चालत नाही आत्ती. तिखट, मीठ, तेल काहीच नाही." त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "मी त्यांस्नी जेवाय घातलं, आणि त्येच मेले." मग उठल्या, आत गेल्या आणि कपाटातली लुगडी काढून पिशवीत भरायला लागल्या. गौरी अजून महिनाभर लांब होत्या. "आतापासनं भरून ठेवतो," म्हणाल्या. "पिंप गेलं तर मला हितं काय काम हाय?"

पिंप राहिलं तर आत्ती कदाचित थांबतील, गेलं तर नक्की जाणार, हे आता अगदी उघड होतं. तेव्हा पिंप वाचवणं भाग होतं.

मेलेल्या पिंपाला कोरडं लागतं, एवढं मला माहीत होतं. पण त्या पावसात अख्ख्या कोल्हापुरात कोरडं काय असणार? आमचे रुमालसुद्धा इस्त्रीनं वाळवावे लागत होते. तळमजल्यावर रफिकभाईंचा सुतारकामाचा गाळा आहे. छत्री घेऊन मी आणि आत्ती खाली उतरलो. आत्तींनी सगळी हकिकत काहीही न लपवता सांगितली. रफिकभाईंनी रंधा बाजूला ठेवला आणि हसू दाबत विचारलं, "मावशी, तांबडाच घातला व्हय? पांढरा तरी द्यायचा पहिल्यांदा. लहान जीव, पचला असता!" आत्ती आधी रागावल्या, मग आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. दोन पोती सागाचा भुसा रफिकभाईंनी स्वतः खांद्यावरून वर आणून दिला. "प्लायचा नाही बरं का, शुद्ध लाकडाचा. आणि वास लवकर घालवा, मलाबी खाली जेवन जाईना झालंय."

मग आम्ही दोघींनी, नाकाला पदर आणि ओढणी बांधून, पत्र्याच्या आडोशाला ते सगळं पिंप उपसलं. अळ्या बघून मी दोनदा किंचाळले. आत्ती म्हणाल्या, "वरडू नगंस, त्या बी खाऊनच मोठ्या झाल्यात." तेलाचा लगदा जेवढा निघेल तेवढा निपटून टाकला. उरलेल्यात भुसा मिसळला, पुन्हा मिसळला. मुठीत दाबलं तर पाणी गळू नये, नुसती ओल लागावी, इतपत. नवं कल्चर गूळ-ताकात भिजवलं. ओतताना आत्ती थांबल्या, हात जोडल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाल्या, "चुकलं माझं. आता जेवा सावकाश." त्या क्षणी मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती, पण माझे हात कोपरापर्यंत बरबटलेले होते.

त्यानंतरचे दिवस मला वासाच्या पायऱ्यांनी आठवतात. आधी तोच जीवघेणा वास, मग नुसता आंबूस, मग ओल्या लाकडाचा, आणि मग एका सकाळी काहीच नाही. आत्ती वरून ओरडल्या, "वैशाली, लवकर ये, ह्येला ताप आलाय!" मी धावत गेले. त्यांनी माझा हात धरून पिंपाला लावला. पिंप गरम होतं. त्या कुंद, गारठलेल्या सकाळी, बाहेरून नुसतं ओलं आणि थंड सगळं जग, आणि त्या निळ्या पिंपाच्या पोटात ऊब. खुरप्यानं खालीवर केलं तर आतून वाफ आली. दिसत कुणी नव्हतं. आवाज नव्हता. पण आत हजारो तोंडं जेवत होती आणि त्यांच्या जेवण्याची ऊब आमच्या तळहातांना लागत होती. आत्ती दोन्ही हात पिंपावर ठेवून चुलीशी बसल्यासारख्या उभ्या राहिल्या.

अजूनही पावसाळ्यात मी शाळेला निघण्याआधी वर जाऊन पिंपाला हात लावते. कुठलं कारण नसतं. नुसतं बघायचं, पावणं जागी आहेत का.

रविवारी सावंतकाका रुमाल घेऊन आले. झाकण उघडायला लावलं. वाकले, हुंगलं. अजून वाकले, अजून हुंगलं. शेवटी रुमाल काढून नाक जवळजवळ आत घातलं. "कसलाच वास येत नाही," ते म्हणाले, आणि आवाजात थोडी निराशा होती. आत्तींनी शेजारचं, आंब्याच्या दिवसांत भरून ठेवलेलं पिंप उघडलं आणि तयार झालेलं मूठभर काळं खत त्यांच्या तळहातावर ठेवलं. काकांनी ते चोळलं, हुंगलं आणि त्याच रुमालात बांधून घेऊन गेले. त्यांच्या दारातली जास्वंद कैक दिवस नुसती पानांवरच होती.

गणपती आले तेव्हा तिच्यावर तीन कळ्या होत्या. त्या दिवसांत आमच्या पिंपाची चंगळ झाली. आधी आत्ती घुटमळल्या, देवाची फुलं कचऱ्यात कशी टाकायची म्हणून. मग त्यांनीच निकाल दिला, "ह्यो कचरा न्हवं. हितं जीव हायत. नदीत कुजण्यापरीस ह्यांस्नी परसाद मिळू दे." मग इमारतीतल्या प्रत्येक घरातून निर्माल्याच्या परड्या वर येऊ लागल्या. दूर्वा, हार, आघाडा. सावंतकाका त्यांच्या घरचं निर्माल्य स्वतः घेऊन यायचे, चपला बाहेर काढून. गौरी आल्या, भाजीभाकरी जेवल्या, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी जेवल्या. आणि सगळ्या घाईगर्दीत दाराशेजारच्या कोपऱ्यात ती भरलेली पिशवी तशीच उभी होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं आणि सगळ्यांना ती दिसत होती. आत्तींनी तारीख बदलली नव्हती, आणि त्यांना पुन्हा विचारायचं धाडस आमच्यात नव्हतं. एकदा शब्द दिला की आत्ती तो मागं घेत नाहीत.

गौरी-गणपती विसर्जनाची संध्याकाळ. घर एकदम मोठं आणि रिकामं वाटत होतं. मखराच्या जागी नुसता पाट. दिवा लावून झाला होता. उद्या पहाटे नेसरीची पहिली गाडी. अजित स्टँडवर सोडायला जाणार होता. मी गावी द्यायचे डबे भरत होते आणि सारखी काहीतरी विसरत होते. आत्ती पिशवीजवळ बसून काठीच्या मुठीवरून बोट फिरवत होत्या.

बेल वाजली. दारात सावंतकाका, हातात स्टीलचा डबा. "आत्ती निघाल्या म्हणून कळलं," ते जरा ओशाळून म्हणाले. "मीही आज एक पिंप आणलंय. तेवढं तुमचं ते विरजण मिळालं असतं, तर बरं झालं असतं."

काहीतरी करायला मिळालं याचंच मला बरं वाटलं. मी झटकन कल्चरचा डबा घेऊन आले.

"ठेव त्यो खाली," आत्ती म्हणाल्या. "दिवं लागल्यात."

"अहो, पण हे दह्याचं नाही, ते..."

"जित्तं हाय का न्हाय? मग झालं." त्या काठी टेकून उठल्या आणि दारात गेल्या. "तिन्हीसांजंचं विरजण देत न्हाईत, सायेब. सकाळी या."

काका गोंधळले. "सकाळी? पण तुम्ही तर पहाटेच निघताय ना?"

मागं वळून आत्तींनी त्या पिशवीकडं बघितलं, मग काकांच्या हातातल्या रिकाम्या डब्याकडं.

"या की सकाळी. आंगोळ करून या. मी काढून ठेवतो, आणि कसं घालायचं त्ये बी दावतो. न्हायतर तुमी बी रस्सा वतशीला."

काका हो म्हणून जिना उतरले. अजित गॅलरीत जाऊन उगाचच बाहेर बघत उभा राहिला. मी कल्चरचा डबा फळीवर ठेवला, भरलेले डबे एकेक करून रिकामे करू लागले, आणि डोळ्यांत पाणी येऊन मला काही दिसेना. आत्तींनी हातपाय धुतले, रोजच्यासारखं दूध कोमट केलं, त्यात चमचाभर विरजण घातलं आणि भांडं झाकून ठेवलं.

सकाळी सावंतकाका आंघोळ करून, डबा पुन्हा घासून आले. आत्ती गच्चीवर होत्या, हात पिंपावर ठेवून. नेसरीची पहिली गाडी केव्हाच सुटून गेली होती.